जुन्या जीन्सचे दुसरे काम: कापडाची पारख, उसवणूक आणि शिवण

कापडाची ताकद, विणीचे प्रकार, टाक्यांचे वर्ग हे सगळे आपण वर्गात शिकतो आणि परीक्षेत लिहितो. घरी मात्र गुडघ्यात फाटलेली जीन्स पायपुसणे होते, नाहीतर बोहारणीच्या गाठोड्यात जाते. या पाठात तीच जीन्स आपण प्रयोगशाळेतला नमुना समजून समोर ठेवणार आहोत. तिचे कोणते कापड अजून शाबूत आहे हे शोधायचे, ते कापड नीट सोडवायचे आणि त्यातून आधी एक पिशवी व मग दोन छोट्या वस्तू शिवायच्या. ज्यांनी वस्त्र अभियांत्रिकी घेतलेली नाही त्यांनाही हे जमेल. साधे पायमशीन पुरते.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही पिशवी भिंतीवर टांगायची नाही. तिच्यात तुमचा लॅपटॉप, दोन पुस्तके आणि पाण्याची बाटली असणार आहे आणि तुम्ही ती खांद्याला लावून गर्दीच्या बसमध्ये चढणार आहात. बंद तुटला तर दोष नशिबाचा नसून शिवणीचा असेल. म्हणून ‘छान दिसते का’ हा प्रश्न आपण शेवटी विचारू.

कापड ओळखूया

डेनिम हे तीनास एक अशा तिरप्या विणीचे कापड असते. यात उभा धागा, म्हणजे ताणा, तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून जातो. त्यामुळे कापडाच्या वरच्या बाजूला मुख्यतः ताणा दिसतो आणि आतल्या बाजूला बाणा. ताणा निळीत रंगवलेला असतो, बाणा बिनरंगी. जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकट का, याचे उत्तर एवढेच आहे.

निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. तिचे रासायनिक क्षपण करून तिला आधी विरघळणाऱ्या रूपात आणावे लागते. धागा त्या कुंडात बुडवायचा, बाहेर काढायचा, हवेतील ऑक्सिजनने ती पुन्हा निळी होऊ द्यायची आणि मग परत बुडवायचे. अशा अनेक फेऱ्या होतात. तरीही रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच बसतो, गाभा पांढरा राहतो. धागा घासला गेला की बाहेरचा निळा थर जातो आणि आतला पांढरा दिसू लागतो.

आपल्या कामासाठी याचा अर्थ मोठा आहे. वापरून फिकट झालेला भाग म्हणजे तंतू झिजलेला भाग. जुन्या जीन्सवरचा रंग हा झिजेचा नकाशाच असतो. जिथे निळा टिकला आहे तिथे तंतू टिकले आहेत. जिथे पांढरे पडले आहे तिथे ताण्याची जाडी कमी झाली आहे. गुडघ्याला भोक पडते तेव्हा आधी पांढऱ्या आडव्या दोऱ्यांची शिडी दिसू लागते, ती याचमुळे. वर असलेला ताणा घासून तुटतो, खालचा बाणा काही काळ तग धरतो.

पण हा नकाशा नेहमी खरा नसतो. हल्ली बऱ्याच जीन्स कारखान्यातूनच फिकट होऊन येतात. दगडांबरोबर धुणे, घासकाम, पोटॅशियम परमँगनेटचा फवारा, लेझर अशा अनेक रीती आहेत. मांडीवरचा पांढरा पट्टा तुमच्या चालण्याने आला की दुकानातूनच आला, हे रंगावरून कळत नाही. म्हणून दुसरी परीक्षा करायची. पाय उलगडून एकेरी कापड खिडकीच्या उजेडासमोर धरा. शाबूत डेनिममधून उजेड जेमतेम येतो. झिजलेल्या जागी ठिपक्याठिपक्यांनी चाळणीसारखा येतो. तो भाग खडूने आखून बाद करा.

साधारण अनुभव असा की आसन, दोन मांड्यांच्या आतल्या बाजू, गुडघे आणि टाचेखाली येणारी पायाची कड हे भाग आधी जातात. पोटरीचा भाग, नडगीचा भाग, कंबरपट्टा आणि मागचे खिसे चांगले राहतात. खिशात रोज पाकीट किंवा मोबाइल ठेवत असाल तर त्याचा चौकोनी ठसा तेवढा उठलेला असतो.

तिसरी परीक्षा बादलीची. ज्या भागाबद्दल शंका आहे त्यातून उभ्या धाग्याच्या दिशेने अडीच सेंमी रुंद आणि तीस सेंमी लांब पट्टी कापा. पट्टीला गाठ मारू नका, कारण गाठीपाशी ताण एकवटतो आणि पट्टी तिथेच तुटते. दोन्ही टोके दोन काठ्यांना तीन-चार वेढे देऊन गुंडाळा आणि पिन लावा. वरची काठी दोन खुर्च्यांवर आडवी ठेवा, खालच्या काठीला बादली अडकवा. बादली जमिनीपासून चार बोटेच वर राहील असे बघा, म्हणजे तुटली तरी पायावर पडणार नाही. आता तांब्याने पाणी ओतत जा. शाबूत डेनिमची एवढी पट्टी पंधरा लिटर पाण्याची बादली सहज पेलते. तुमची पट्टी त्याआधीच तुटली तर त्या भागाला ओझे द्यायचे नाही. त्याचे आसन करता येईल, पिशवी नाही.

कापडाचे वजनही काढून ठेवा. वीस बाय पंचवीस सेंमीचा तुकडा म्हणजे ०.०५ चौरस मीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो १७ ग्रॅम भरला तर २० ने गुणून ३४० ग्रॅम प्रति चौरस मीटर. व्यापारात हेच माप औंस प्रति चौरस यार्डात सांगतात. एक औंस म्हणजे सुमारे ३३.९ ग्रॅम, तेव्हा हे कापड १० औंसांचे झाले. १४ औंसांचे कापड ४७५ ग्रॅमच्या आसपास जाते आणि घरगुती मशीनला ते घाम फोडते. पिशवीसाठी १० ते १२ औंस सोयीचे.

शेवटी ताणले जाणारे कापड आहे का ते बघा. कापलेल्या कडेचा एक आडवा धागा ओढून काढा आणि हलका ताणून सोडा. रबरासारखा परत आला तर बाण्यात इलास्टेन आहे. टक्केवारी दोन-तीनच असते, पण फरक बराच पडतो. अशा कापडाची पिशवी ओझ्याने आडवी फुगते आणि बेढब होते. शिवाय उष्णता आणि क्लोरीनच्या ब्लीचने इलास्टेन मरते. मग कापड गुडघ्यात सैल पडते ते कायमचे. ताणणाऱ्या जीन्सची पिशवी करायचीच असेल तर आतून सुती अस्तर द्या, भार अस्तराला घेऊ द्या.

आधी दुरुस्ती, मग दुसरी वस्तू

जुन्या कपड्यांपासून काहीतरी नवे करण्याच्या उत्साहात एक साधा प्रश्न राहून जातो: ही जीन्स घालण्याजोगी करता येईल का? एका गुडघ्याच्या भोकासाठी सबंध पँट कापू नये असे माझे मत आहे. जीन्स म्हणून ती आणखी दोन वर्षे चालली तर त्याहून चांगला पुनर्वापर नाही.

ठिगळ आतून लावावे. त्याचे कापड मूळ कापडाइतकेच किंवा त्याहून थोडे हलके असावे. इथे बहुतेक जण उलटे करतात, म्हणजे नवे, जाड, कडक डेनिम लावतात. जाड ठिगळ वाकत नाही, आजूबाजूचे झिजलेले कापड वाकते. सगळा ताण ठिगळाच्या कडेवर येतो आणि महिन्याभरात कडेलगत नवी चीर पडते. पदार्थविज्ञानात ताठपणातील अचानक बदलाबद्दल आपण जे शिकतो ते हेच. ठिगळ भोकाच्या नव्हे तर झिजलेल्या भागाच्या पुढे दोन-तीन सेंमी जाऊ द्या. वरून उभ्या दिशेने जवळजवळ शिलाईच्या रांगा मारा, कारण तुटलेला धागा उभा आहे आणि त्याचे काम आता दोऱ्याला करायचे आहे. रांगांची टोके एका ओळीत संपवू नका, मागेपुढे ठेवा. नाहीतर तिथे फाडायची रेघच तयार होते.

आसन गेलेले, दोन्ही गुडघे गेलेले, मांड्या चाळणी झालेल्या, अशी जीन्स मात्र कापायला घ्या.

अशी जीन्स कापड-पुनर्वापराच्या कारखान्यात का देऊ नये, असे विद्यार्थी विचारतात. जरूर द्यावी, पण तिथे काय होते तेही माहीत असावे. पानिपतला जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याचा मोठा व्यवसाय आहे. यंत्राने पिंजताना तंतू तुटून आखूड होतो. आखूड तंतूचे सूत कमजोर आणि जाड निघते, म्हणून त्यात नवा तंतू मिसळावा लागतो. जीन्समध्ये आणखी अडचणी असतात: पॉलिएस्टरचा शिवणदोरा, इलास्टेन, चेन, धातूची बटणे, रिव्हेट. हे सगळे वेगळे करणे हाच खर्च. घरी शाबूत कापड कापड म्हणूनच वापरले तर तंतू तोडावा लागत नाही.

सोडवणे

रिव्हेट म्हणजे खिशाच्या कोपऱ्यांवरची तांब्याची छोटी खिळ. जेकब डेव्हिस या शिंप्याची ती कल्पना. लेव्ही स्ट्रॉसच्या कंपनीबरोबर त्याला १८७३ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. खिशाचा कोपरा हा ताण एकवटण्याची जागा आणि तिथे शिवण उसवते, हे त्याने ओळखले होते. आपल्याला मात्र शिवताना रिव्हेट शत्रू आहे. सुई तिच्यावर आपटली तर मोडते आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. रिव्हेट कटरने काढा किंवा तेवढा तुकडा सरळ कापून टाका. या कामाला साधा चष्मा तरी लावा. वर्कशॉपमधला गॉगल असेल तर उत्तम.

जीन्सचा एक पाय उलटा करून दोन्ही शिवणी बघा. बहुतेक जीन्समध्ये एका बाजूला, बऱ्याचदा आतल्या, कडा एकमेकींत गुंतवून दोन रांगांत मारलेली सपाट शिवण असते. तिथे कापडाचे चार थर असतात. दुसऱ्या बाजूला साधी ओव्हरलॉक केलेली शिवण असते. सपाट शिवण सोडवत बसू नका. ती मजबूत आहे, पिशवीच्या मध्यावर उभी येऊ द्या, शोभेलाही चांगली दिसते. ओव्हरलॉकच्या शिवणीला लागून कात्री चालवा आणि पाय सपाट उलगडा.

कंबरपट्टा मात्र कापण्याऐवजी उसवून काढावा. तो पुष्कळदा साखळी टाक्याने जोडलेला असतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याचा क्रमांक ४०१. आपल्या घरच्या मशीनचा टाका ३०१, म्हणजे वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मध्ये अडकलेला. त्याला ब्लेडने टाका टाका करूनच उसवावे लागते. साखळी टाका आतल्या बाजूला वेणीसारखा दिसतो. शिवण जिथे संपली त्या टोकाचा दोरा सुटा करून ओढला की सर्रकन सगळी उसवते. गोणीचे तोंड ज्या दोऱ्याने शिवलेले असते तो ओढताना आपण हेच करतो. उलट टोकाने ओढले तर मात्र दोरा अडतो, तेव्हा अडला की टोक बदला.

मागचे खिसे काढायचे असतील तर खिशाभोवती दोन सेंमी कापड ठेवून पाठीसकट कापा. खिसा उसवून पुन्हा लावण्यापेक्षा हा तुकडा तसाच पिशवीवर बसवणे सोपे आणि मजबूत.

सुई, दोरा, मशीन

सुई १६ नंबरची घ्या, जाड कापडाला १८. मोठ्या मापात याच सुया १०० आणि ११० म्हणून ओळखल्या जातात. तो आकडा सुईच्या जाडीचा आहे. १०० म्हणजे एक मिलिमीटर. ब्लाउज शिवायच्या ११ नंबरच्या सुईने डेनिम शिवू नका. ती वाकते, टाके सुटतात आणि मोडते. दुकानात सुई मागताना आपल्या मशीनच्या सुईची दांडी चपटी आहे की गोल, ते बघून जा. सुट्या भागांची नावे इंदूरला वेगळी, हैदराबादला वेगळी, बेळगावला आणखी वेगळी. जुनी सुई खिशात घेऊन गेलेले बरे.

दोरा पॉलिएस्टरचा. जाड केशरी दोरा वापरायचा असेल तर तो फक्त वर घाला, बॉबिनमध्ये नेहमीचाच ठेवा. टाक्याची लांबी तीन ते साडेतीन मिलिमीटर, म्हणजे इंचाला सुमारे आठ टाके. मजबुतीसाठी टाका बारीक करावा अशी सर्वसाधारण समजूत आहे. काही प्रमाणात ते खरे, पण प्रत्येक टाका म्हणजे कापडाला पडलेले एक भोक. फार बारीक टाके घातले की पोस्टाच्या तिकिटासारखी फाडायची रेघ तयार होते. झिजलेल्या कापडाला तर हे हमखास होते.

जाड जागी मशीन अडले की लोक पायाने जोर लावतात. तसे करू नका. पाय काढून चाक हाताने फिरवा. शिवणीचा उंचवटा आधी लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने ठोकून बसवा. उंचवट्यावर चढताना प्रेशर फूट मागे कलते आणि टाके आखूड पडतात, म्हणून फूटच्या मागच्या टोकाखाली डेनिमचीच घडी सरकवा आणि फूट सपाट करा. कोरड्या साबणाची वडी शिवणीच्या रेघेवर एकदा फिरवली तरी सुई हलकी जाते.

पिशवी

आता मुख्य काम. नेहमीची रीत म्हणजे मांडीचा भाग कापून पिशवी करायची आणि वरच्या तोंडाला कापड दोनदा दुमडून शिवायचे. यात दोन अडचणी आहेत. मांडी-गुडघ्याचे कापड झिजलेले असते. शिवाय चार थरांची सपाट शिवण दोनदा दुमडली की तिथे बारा थर होतात, घरच्या मशीनच्या आवाक्याबाहेर. म्हणून आपण पाय उलटा वापरू. जीन्सच्या पायाची तयार दुमड हेच पिशवीचे तोंड. कारखान्याने बारा थर आधीच शिवून ठेवले आहेत, ते वापरायचे.

सरळ पायाची जीन्स असेल तर दोन्ही पाय खालच्या कडेपासून ४० सेंमी उंचीवर कापा. ओव्हरलॉकच्या बाजूने उलगडा आणि प्रत्येकाचा ३७ सेंमी रुंदीचा तुकडा करा, सपाट शिवण शक्य तितकी मध्यावर ठेवून. पाय अरुंद असेल तर रुंदी कमी घ्या, बाकी रीत तीच. कड कापली गेल्याने दुमडीची शिलाई दोन्ही टोकांना सुटू लागेल, तेव्हा तिथे लगेच पुढे-मागे शिलाई मारून ती बांधून टाका. टाचेखाली झिजलेली कड दिसली तर तेवढ्यापुरती आतून पट्टी लावा. या मांडणीत ताणा पिशवीत उभाच राहतो आणि ओझे त्याच दिशेने येते, हा आणखी एक फायदा. गुडघा पिशवीत येतच नाही, किंवा अगदी तळाला येतो. तळाला आला तर बुडाला आतून दुसरा थर द्या.

कापलेल्या कडा झिगझॅगने किंवा कोपऱ्यावरच्या दर्जीकडून ओव्हरलॉक करून घ्या. डेनिमचे धागे धुण्यात भराभर निघतात, ही पायरी गाळू नका. मग दोन्ही तुकडे सुलट बाजू आत घेऊन समोरासमोर ठेवा आणि दोन बाजू व तळ दीड सेंमी आत शिवा. त्याच्याच शेजारी दोन मिलिमीटरवर दुसरी रांग मारा. आता ३४ सेंमी रुंदीची सपाट पिशवी झाली.

तिला बूड देण्यासाठी तळाचा कोपरा असा चिमटीत धरा की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर येईल आणि कोपऱ्याचा त्रिकोण होईल. टोकापासून शिवणीवर ४ सेंमी मोजा आणि तिथे आडवी शिलाई मारा. ही रेघ ८ सेंमी लांब भरेल. दोन्ही कोपरे झाल्यावर पिशवी २६ सेंमी रुंद, ८ सेंमी खोल आणि साधारण ३४ सेंमी उंच होते. त्रिकोण कापू नका, आतच तळावर दुमडून टाचा. बुडाला तेवढाच आधार. १५ इंची लॅपटॉप उभा सरकवायचा. तो आडवा हवा असेल तर ३७ सेंमी रुंदी पुरणार नाही, मग बाजूंना कापडाच्या पट्ट्या जोडाव्या लागतील.

खांद्याच्या बंदासाठी कंबरपट्टा. त्यात आधीच दोन थर आणि बहुधा मध्ये कडक अस्तर असते. बटण आणि काजाचे टोक कापून टाका. लांबी कमी पडली तर दुसऱ्या जुन्या जीन्सचा पट्टा जोडा, पण जोड खांद्यावर येऊ देऊ नका.

बंद किती मजबूत शिवावा याचा हिशेब करूया. पिशवीत ५ किलो ओझे धरा. बसच्या पायरीवर झटका बसतो, त्यासाठी तिप्पट, म्हणजे १५ किलो. बंदाची दोन टोके, प्रत्येकी साडेसात. आता शिवणीची ताकद. ३०१ टाक्यासाठी कामचलाऊ अंदाज असा: टाक्यांची संख्या गुणिले दोऱ्याची ताकद गुणिले दीड. प्रत्येक टाक्यात दोरा दोनदा भार घेतो, तर दोनाने का गुणायचे नाही? कारण वरचा आणि खालचा दोरा जिथे एकमेकांत अडकतात तिथे ते वाकतात आणि त्यांची ताकद घटते.

दोऱ्याची ताकद घरी मोजता येते. पेन्सिलीला दोऱ्याचे पाच-सहा वेढे द्या, दुसऱ्या टोकाला तसेच वेढे देऊन बाटली लटकवा आणि पाणी भरत जा. समजा दोरा १.२ किलोला तुटला. बंदाचे टोक पिशवीवर ४ सेंमीच्या चौकोनात बसवले, आत फुलीसारख्या दोन तिरप्या रांगा मारल्या. फक्त वरच्या आणि खालच्या आडव्या रांगाच धरल्या तरी ४ सेंमीत १२ टाके, दोन रांगांत २४. चोवीस गुणिले १.२ गुणिले १.५ म्हणजे सुमारे ४३ किलो. गरज साडेसातची.

म्हणजे दोरा तुटणार नाही. मग बंद निघतात कसे? एखादी निघालेली पिशवी नीट बघा. चौकोनाची शिलाई बंदावर तशीच असते आणि पिशवीच्या कापडाला चौकोनी भोक पडलेले असते. तुटते ते कापड. त्यामुळे मेहनत दोऱ्यावर नव्हे, चौकोनाच्या मागे घ्यायची. बंद बसवायच्या जागी पिशवीच्या आतून ७ सेंमीचा डेनिमचा चौकोन ठेवा आणि तिन्ही थर एकत्र शिवा. चौकोन तोंडाच्या दुमडीखाली ठेवू नका, दुमड आणि बाजूची शिवण या दोन्हींवर थोडा चढू द्या, म्हणजे भार पसरतो. कंबरपट्टा फार जाड असल्याने इथे १८ नंबरची सुई आणि हाताने चाक.

शिवून झाली की परीक्षा. प्लास्टिकच्या पिशव्यांत वाळू भरून दहा-अकरा किलो वजन आत ठेवा आणि रात्रभर दाराच्या मजबूत कडीला टांगा. सकाळी बंदाच्या मुळाशी सुईची भोके लांबट झालेली दिसली तर आतला चौकोन मोठा करून पुन्हा शिवा. लॅपटॉप त्यानंतर.

रंगाबद्दल एक सूचना. गडद जीन्स घासली की निळी सुटते आणि पांढऱ्या शर्टाला लागते. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवल्याने निळ ‘पक्की’ होत नाही. तिची बसण्याची रीतच वेगळी आहे, ती आपण वर पाहिली. दोन-तीनदा गार पाण्यात खळबळून वरवरची निळ काढून टाकणे एवढाच उपाय.

उरलेल्या तुकड्यांचे

गरम भांडे उतरवायला हातफडके: १८ सेंमीचे डेनिमचे दोन चौकोन, मध्ये जुन्या टॉवेलचे दोन थर, कडेने शिलाई आणि मध्ये दोनच रांगा. जास्त रांगा मारल्या तर थर दबतात आणि मधली हवा निघून जाते. हाताला वाचवते ती हवाच. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहते, म्हणून ओले फडके कधीही वापरू नये. इलास्टेन किंवा पॉलिएस्टर असलेले कापड इथे चालणार नाही. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा चिमट्यात धरून जाळून बघा. कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला तर तो तुकडा बाजूला. आणि याच कापडाचा वेल्डिंगसाठी ॲप्रन करण्याचा मोह आवरा. साधे सूत पेट घेते, दसे निघालेली कड तर ठिणगीला आयतीच सापडते.

डेनिमची गोधडी करावी का, हा प्रश्न दरवर्षी येतो. गोधडीची परंपरा आपल्याकडे, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंद, बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सगळ्या मऊ झालेल्या साड्या-धोतरांवर उभ्या आहेत. धावदोरा चार थरांतून सहज जातो तो त्या मऊपणामुळे. डेनिमच्या थरांत हातातली सुई जात नाही. शिवाय दीड मीटर बाय सव्वादोन मीटरचा फक्त वरचा थर, ४०० ग्रॅमच्या कापडाने, सव्वा किलोच्या वर जातो. अस्तर आणि पाणी धरून धुणाऱ्याची कंबर विचारात घ्या. पावसाळ्यात ती वाळणारही नाही. त्यापेक्षा ५० सेंमीचे बसकर करा. झिजलेले, बादलीच्या परीक्षेत नापास झालेले तुकडेही त्यात खपतात, कारण त्याच्यावर ताण नसतो, फक्त दाब असतो. पट्ट्या जोडून वरचा थर करा, खाली जुनी चादर घाला आणि पूर्ण धावदोऱ्याऐवजी दर दहा सेंमीवर एक पक्का टाका घेऊन गाठ मारा.

जाता जाता, जाड सुती कापडाशी आपले नाते जुने आहे. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून आला. तिथल्या जाड्याभरड्या कापडाला ते नाव पडले आणि पुढे त्या कापडाच्या कामकरी पँटला.

सरावासाठी: तुमच्याकडच्या एका जुन्या जीन्सचा पुढचा आणि मागचा नकाशा काढा, उजेडाच्या परीक्षेत बाद झालेला भाग रंगवा आणि दोन पट्ट्यांची, एक पोटरीची व एक मांडीची, बादली-परीक्षा करून आकडे लिहा. मग तुमच्या दोऱ्याची ताकद मोजा आणि बंदाचा चौकोन ४ ऐवजी ३ सेंमीचा केला तर हिशेब कुठे येतो ते काढा.